चारातला एक, नवातले दोन

(चैत्रातली दुपार. कागलजवळच्या मळ्यात चिमणाबाई वांगी तोडते आहे, तिची सहावीतली मुलगी साक्षी पाटीत भरते आहे. नवरा केरबा विहिरीच्या पाण्यावरच्या बैठकीतून नुकताच परतला आहे.)

चिमणाबाई : म्हंजी सही करूनच आलासा?

केरबा : केली की. चौघा भावांनी केली. नव्वद सालापास्नं चार दिसांत एक दिवस पाणी घ्यायलोय, आता दोन-दोन दिवस मिळणार. ती घागर सरकीव हिकडं. पाय ऱ्हायलं न्हाईत बग.

चिमणाबाई : दोन दिवस, पर किती दिसांत?

केरबा : नऊ दिसांची पाळी. सयाजीला तीन, आमा तिघास्नी दोन-दोन.

चिमणाबाई : धाकल्याला तीन का म्हणून?

केरबा : नवी मोटार त्यानं बसीवली न्हवं? त्याचं वाढलं, आपलंबी वाढलं. समद्यांचंच वाढलं. उगं खुसपट काढू नगंस.

चिमणाबाई : समद्यांचं वाढलं? मग हिरीत पाणी वाढलं का काय?

साक्षी : आबा, चारातला एक आन् नवातले दोन. छेद येगळे हायत. नुसतं वरचं आकडं बघून कळत न्हाय.

केरबा : एक मोठा का दोन मोठा, एवढं कळतंय मला.

साक्षी : तसं न्हवं. छत्तीस दिवस धरा. चार दिसांची पाळी नऊ येळा आली. म्हंजी नऊ दिवस पाणी.

केरबा : बरं.

साक्षी : नऊ दिसांची पाळी चारच येळा येती. चार दुणे आठ.

केरबा : परत मोज.

साक्षी : मोजलं की. आठच येत्यात. आन् काकांचं बारा.

चिमणाबाई : वर दोन दिवस भिजवून सात दिवस कोरडं. ह्या उन्हात वांगी तग धरत्यात व्हय? बाजारात मी काय सुकल्याली पानं घिऊन बसू?

केरबा : आता नगं ग. लई दमलोय.

चिमणाबाई : मी तेवढी ताजी हाय! जावा, माघारी जाऊन सांगा त्यास्नी.

साक्षी : काकांचं गणित चुकलं आसंल, आबा. दावलं की ध्यानात येईल त्यांच्या.

केरबा : त्याचं कसं चुकंल, पोरी? हायस्कुलात हेच शिकिवतोय त्यो. म्हशी कुणीतरी राखायला पायजे हुत्या. त्यो शिकावा म्हणून तर मी चौथीत शाळा सोडली.