सतरा नंबरची नळी

हॅलो?… हाव, दवाखान्याची लॅबच आहे… जयाच बोलून राह्यली… कोण, दिपाली? पुण्याहून?…

नाई, कामात नाई. बोल.

हो, आई इथंच भरती आहे, सोमवारपासून. तुले कोणं सांगतलं?… माह्या भावानं. धनंजयनं. बरं… पोटात पाणी झालं. काल काढलं, दोन लिटर… हाव, कॅन्सरच. बीजकोशाचा. डॉक्टर म्हणाले, पसरला आहे… अगं रडू नको. मी रडली नाई अजून, तू काऊन रडून राह्यली?

काय?… पुन्हा सांग… ते पाणी पाहिजे तुले?

नाई, नाई, समजलं मले. त्या पाण्यात लायसो भरपूर राह्यते, कॅन्सरमधे वाढते तेच, माहीत आहे. तुह्या संशोधनासाठी रक्ताच्या नळ्या मशीनवर मीच फिरवल्या नं… हो, हो… ऐक नं आधी. मी काल आपलं जुनं रजिस्टर काढलं. निरोगी बायांचं. म्हटलं, आईचा तेव्हाचा आकडा पाहावा… सतरा नंबर. आठवते नं, सतरा कोण होती?

सतरा म्हणजे माही आई.

दोन वर्षांआधी तीस जणींचं रक्त घेतलं होतं आपण. तुह्या पेपरात एकोणतीस आहेत. सतरासमोर पेन्सिलीनं लिहिलं आहे, ‘बर्फ वितळला, बाद.’ तुहंच अक्षर…

हाव, ते मलेही समजते. नळी गरम झाली का रक्त स्वतःच लायसो तयार करते, आकडा खोटाच वाढते. म्हणून तर बर्फाचा रकाना ठेवलता आपण… अगं पण मी आर्वीहून आईच्या रक्ताचा थर्मास मांडीवर घेऊन आलती! भर मे महिन्यात, एसटीत. खरांगण्याले गाडी थांबली तर उतरून कोल्ड्रिंकवाल्याकडून पुन्हा बर्फ भरला. तुह्यासमोर झाकण उघडलं… थांब, वाचून दाखवते. त्याच ओळीत शाईनं आहे, ‘बर्फ शाबूत.’ बाजूले तुही सही. पेन्सिल नंतरची आहे, दिपाली. आकडा आल्यानंतरची.

किती होता? इथं तर तू खोडून टाकला आहे… आकडा विचारून राह्यली मी… नाई, तुले आठवते. चांगला आठवते…

सहापट?… बाकीच्या बायांच्या सहापट.

नाई, समजावू नको… मले माहीत आहे, एका आकड्यानं कॅन्सर ठरत नाई. मीही लॅबमधलीच आहे. पण एक सोनोग्राफी तर केली असती नं मी? आईले आर्वीहून आणलं असतं, दाखवलं असतं कोणाले. दोन वर्षं होती माह्या हातात… हो, तुहा आलेख बिघडत होता. निरोगी बायांत एक अशी निघाली तर गाइड काय म्हणतील, हेच नं? मग मले तर सांगाचं होतं. पेपरात नको लिहू, मले सांग…

आणि त्या दिवाळीले आर्वीले आलती तू. आईच्या हातच्या करंज्या खाल्ल्या, डब्यातही नेल्या. तेव्हाही माहीत होतं?… तेव्हाही.

आईनं विचारलं होतं तुले, बाई, माह्या रक्तात काय शोधून राह्यली? तू तिच्याजवळ बसून सांगतलं. काकू, लायसो म्हणजे पेशीच्या सालपटातल्या चरबीचा तुटका तुकडा आहे. दुसऱ्या पेशीच्या दाराशी जाऊन निरोप देते, वाढ, सरक. जखम भराले चांगला, गाठीच्या हाती लागला का वाईट. किती छान सांगतलं होतं गं तू… आई म्हणाली, असा काही निरोप दिसला तर मले सांगजो. तू हो म्हणाली.

आता माफी नको मागू… माही नको मागू म्हणते…

पाणी? आहे. बर्फावर ठेवलं आहे, कालच. आईनंच सांगतलं, फेकू नका, आपल्या दिपालीच्या कामी येईन… नाई, तिले काहीच माहीत नाई. रजिस्टरचं मी नाई सांगतलं…

आणि सांगणारही नाई. तू सांगशील. ये, बाटली ने, पण आधी वॉर्डात जाजो. पलंगाजवळ बसजो, मागं बसली होती तशीच, आणि सांगजो, काकू, तुमचा निरोप दोन वर्षांआधीच आलता, मी खोडला. मग ने बाटली, मीच भरून देईन तुह्या थर्मासात… उद्याच ये. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाई…

येशील नं?… दिपाली?… हॅलो?…

ठेवला.