कुंदन तामोरे यांचे खाते ऑनलाइन दिसल्याबाबत

दिनांक १५ जुलै २०२५, सकाळी ११.२०

मी, निमेश पुंडलिक राऊत, वय २७ वर्षे, धंदा नोकरी (केमिकल कंपनीत ऑपरेटर, तारापूर एमआयडीसी), राहणार खैरापाडा, बोईसर, मूळ गाव माकुणसार, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून विचारल्याप्रमाणे जबाब लिहून देतो की,

वरील पत्त्यावर मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. खोलीत माझ्या मालकीचा एक कॉम्प्युटर आहे. कुंदन नामदेव तामोरे, वय २६, राहणार घिवली, हा माझा आयटीआयपासूनचा मित्र. तो वडिलांच्या बोटीवर काम करत असे. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी जाळे ओढताना तो समुद्रात पडला. बोटीवरच्या लोकांनी आणि नंतर इतर बोटींनी शोध घेतला, तो मिळून आला नाही. त्याची नोंद या ठाण्यात आहे. त्या वेळी मी घिवलीला चार दिवस होतो.

कुंदन आणि मी कॉम्प्युटरवर गेम खेळत असू. हे गेम इंटरनेटवरच्या एका दुकानातून विकत घेतले जातात. तिथे प्रत्येकाचे स्वतःचे खाते असते आणि घेतलेला गेम त्या खात्यात कायम राहतो. वर्षातून दोन मोठे सेल लागतात, एक जून-जुलैमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्या काळात कुंदन माझ्या सुट्टीच्या दिवशी खोलीवर येत असे आणि आम्ही सेल बघत बसत असू. बराच वेळ बघण्यातच जायचा. घ्यायच्या गेमची यादी खात्यात करून ठेवता येते. सेलच्या शेवटच्या दोन दिवसांत मी त्याच्या यादीतला एक गेम त्याला भेट द्यायचो आणि तो माझ्या यादीतला एक मला द्यायचा. हे सात वर्षे चालू होते.

भेट पाठवली तरी ती समोरच्याने स्वतःच्या खात्यात जाऊन स्वीकारावी लागते, नाहीतर काही दिवसांनी परत येते. डिसेंबरच्या सेलला कुंदन समुद्रावर असायचा. त्यामुळे त्याने मला पासवर्ड देऊन ठेवला होता आणि त्याची भेट मीच स्वीकारायचो. खलाशी आजारी पडून घरी राहिला तरी त्या फेरीचा त्याचा वाटा बाजूला काढतात, असे तो सांगत असे. सेलमध्येही तसेच धरायचे, असे त्याने ठरवले होते. "हाजर नाय म्हनून वाटा बुडत नाय," असे तो म्हणायचा.

पासवर्ड टाकल्यावर कुंदनच्या मोबाईलवर विचारणा जाते. तिथे निळे बटण दाबल्याशिवाय खाते उघडत नाही. डिसेंबरमध्ये तो बोटीवर निघण्याआधी मी त्याला फोन करून दिवस आणि वेळ सांगायचो. त्या वेळेला पासवर्ड टाकला की मिनिटभरात खाते उघडायचे. कुंदन बोटीवरून बटण दाबतो, असा माझा समज होता. लांब समुद्रात मोबाईलला रेंज नसते, हे माझ्या लक्षात आले नाही. आमची माकुणसारला बागायती वाडी आहे, मी बोटीवर कधी गेलेलो नाही.

दिनांक ९ जुलै रोजी माझी पहिली पाळी होती. दुपारी साडेतीनला खोलीवर आलो. सेल दुसऱ्या दिवशी संपणार होता. कुंदनच्या यादीत पहिल्या नंबरला बर्फातून ट्रक चालवण्याचा गेम होता. समुद्राचे आणि बोटीचे गेम तो घेत नसे. मी तो ट्रकचा गेम त्याच्या खात्यावर भेट पाठवला. का पाठवला, असे विचारले असता, दरवर्षी पाठवतो म्हणून पाठवला, असे सांगतो.

त्यानंतर चारच्या सुमारास मी त्याच्या खात्याचा पासवर्ड टाकला. मोबाईलवर मंजुरी द्या, अशी सूचना कॉम्प्युटरवर आली. ती मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी स्क्रीन तशीच ठेवली. साधारण चाळीस सेकंदांनी खाते उघडले.

मी खुर्चीवरून उठलो. दाराला कडी लावली. नंतर परत बसलो.

मी भेट स्वीकारली आणि गेम डाउनलोडला लावला. दोन तास दाखवत होते. मी भाजी आणायला बाहेर पडलो. कॉम्प्युटर आणि कुंदनचे खाते चालू राहिले. साडेसहाला परत आलो तेव्हा स्क्रीनवर कुंदनची बहीण हेमाली हिचे तीन मेसेज होते. भाऊ ऑनलाइन आहे की नाही हे दिसावे म्हणून तिने त्या दुकानात खाते काढले आहे. भावाच्या खात्यात नवीन गेम आला तर तोही तिला दिसतो. ती स्वतः गेम खेळत नाही. पहिला मेसेज "दादा" असा होता. दुसरा "कुठं हायस". तिसरा "बाबा काय बोलनार नाय तू ये".

मी उत्तर दिले नाही. त्या खात्यातून बाहेर पडलो.

दहा मिनिटांनी हेमालीचा फोन आला. "निमेशदादा, आमचा दादा जिवंत हाय. दोन तास ऑनलाइन हुता. मी मेसेज केला तसा गेला. बाबाला घाबरतो अजून." मी "हो का" म्हणालो.

त्या वेळी खरे का सांगितले नाही, असे विचारले असता, खाते मी उघडले हे मला माहीत होते पण बटण कोणी दाबले हे माहीत नव्हते, असे सांगतो.

दिनांक १० जुलै रोजी हेमाली आणि तिचे वडील नामदेव तामोरे यांनी खाते कुठून चालवले गेले याचा शोध घ्यावा, असा अर्ज या ठाण्यात दिला. दिनांक १३ रोजी, रविवारी, दर्भाचा पुतळा करून कुंदनचे क्रियाकर्म करायचे ठरले होते. ते रद्द केल्याचे हेमालीने मला कळवले आणि त्याच दिवशी जेवायला बोलावले.

दिनांक १३ रोजी दुपारी बाराला मी घिवलीला गेलो. नामदेवकाका ओट्यावर जाळे शिवत होते. मला बघून म्हणाले, "ये रं. बगितलंस, तुजा दोस्त बर्फात ट्रक चालवतो. गेमला पैशे हायत म्हंजे पोटालाबी हायत." मी त्यांच्याजवळ बसलो. त्या पहाटे बोटीवर आपण त्याला दोरावरून शिव्या दिल्या होत्या, तो राग धरून बसला असेल, असे ते म्हणाले. "येल. बंदी उठली का येल. माज्या बोटीला माणूस लागतो हे त्याला ठाव हाय." हेमालीने, कुंदन आल्यावर त्याच्या कानफटात पहिली कोणी मारायची यावर वडिलांशी वाद घातला. वडील हसले. फेब्रुवारीनंतर मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

मी पाणी पिण्यासाठी आत गेलो. कुंदनची आई नलूबाई चुलीपाशी सुके बोंबील भाजत होत्या. कुंदनचा मोबाईल फळीवर चार्जिंगला होता. चार्जरची पिन सैल असल्याने ती रबराने बांधली होती. हा मोबाईल बोटीवर गेला नव्हता का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पान्यात खराब हुतो म्हनून चांगला फोन तो घरीच ठेवायचा. बोटीवर बटनांचा न्यायचा." त्या बोंबील परतत म्हणाल्या, "बुधवारी तूच हुतास ना?"

मी हो म्हणालो.

त्या म्हणाल्या, "निळं बटन मी दाबलं. दर डिसेंबरला मीच दाबते. जाताना मला सांगून जायचा, आय, निमेशचा मेसेज येल, निळं दाब. तो दर्यावर असला का येतो तो मेसेज. आला, मी दाबलं."

मग घरात का सांगितले नाही, असे मी विचारले. "चार दिस पोरगी जेवते हाय. म्हातारा रात्री झोपतो हाय. तू का नाय सांगितलंस?" मी उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, "पोलिसाला सांगून टाक. ते बिचारे कुठं कुठं शोधतील. आज नको पन, आज जेव." मी जेवलो. निघताना त्यांनी, मेसेज परत कधी येईल, असे विचारले. डिसेंबरमध्ये सेल असतो, असे मी सांगितले.

आज अर्जाच्या चौकशीसाठी हेमालीला मोबाईल घेऊन ठाण्यात बोलावले होते. मला कॉम्प्युटरमधले कळते म्हणून तिने मला सोबत घेतले. ती, नलूबाई आणि मी एकाच रिक्षातून आलो. साहेबांनी पत्ता काढला का, एवढेच ती वाटेत दोनदा म्हणाली. दादा लांब असेल तर आपण आजच निघू, म्हणून तिने पिशवीत त्याचा एक शर्ट घेतला आहे. आत आल्यावर मी आधी माझा जबाब घ्यावा अशी विनंती केली.

दिनांक ९ जुलै रोजी कुंदन तामोरे यांचे खाते मी माझ्या खोलीतून उघडले. नलूबाईंनी दाबलेले बटण सोडून त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. कोणाला फसवण्याचा माझा हेतू नव्हता. कुंदनकडून मला फेब्रुवारीपासून कोणताही फोन, मेसेज किंवा निरोप आलेला नाही.

हेमाली आणि नलूबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. मोबाईल नलूबाईंच्या हातात आहे. हेमालीला अजून माहीत नाही. जबाब पूर्ण झाल्यावर बाहेर जाऊन मी तिला सांगणार आहे.

वरील जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. पुन्हा एकदा वाचावा अशी मी विनंती केल्यावरून तो दुसऱ्यांदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदाही बरोबर आहे.

सही/-
निमेश पुंडलिक राऊत