दहा मानसांतला एक

हॅलो?… हो, बोल बाई. तुहा भाऊ सेवकरामच बोलून राहिलो… नाई, चिखल्यालेच हावो, खानीच्या क्वार्टरवर. सेकंड शिफ्ट हाय आज… आवाज येते का? थांब, आंगनात येतो… हां, बोल आता.

कोनं सांगतलं तुले?… दामिनीनं? माह्या बायकोच्या पोटात काई रायत नाई पाय… नाई वं, रागावलो नाई… अवं, नाई सोडली नोकरी! सोडाच्या बेतात होतो, पन नाई सोडली.

आयक त खरी… खानीत उतराच्या पिंजऱ्यात पाय ठेवला का छाती धडधड करे. हात थंडे पडत. दमच पुरे नाई. वाटे, आता मरतो मी… हो ना, पोट्टा होतो तवापासून त्याच पिंजऱ्यातून उतरून राहिलो, तेच त! खाली काई झालं नोतं. ना दरड पडली, ना काई. एक दिवस असंच सुरू झालं. पिंजऱ्यातून बाहेर निघून वापस आलो. सारे पाहत होते.

दाखवलं ना छातीच्या डॉक्टरले. ईसीजीची पट्टी काढली. चांगली निघाली… दोनदा काढली, बाई! मंग तोच म्हणे, भंडाऱ्याले जा, सरकारी दवाखान्यात, मानसिकच्या डॉक्टरकडं…

हळू बोल ना, कान फुटला माहा… पागल नाई झालो मी… अवं, मीबी असाच भडकलो होतो त्याच्यावर. दामिनीनं जबरदस्तीनं एसटीत बसवलं.

नजर? मले कोनाची नजर लागंल? काय हाय माह्याजवळ?… बरं, तुह्या त्या झाडफूकवाल्या बाबाकडंबी येईन. पन आदी हे आयक.

तिथं बाकावर तोंडाले दुपट्टा बांधून बसलो, कोनी ओळखू नाई म्हणून. बाजूले आनखी एक जन, तोबी दुपट्टा बांधून. नंबर आला तवा नाव पुकारलं… प्रविण! हो, आपला प्रविण. माह्याच शिफ्टचा… ज्याच्या घरी तू गणपतीत जेवाले गेली होती, तोच. वर्सभरापासून गोळ्या घेऊन राहिला. रोज सोबत काम करतो अन् मले पत्ता नाई… हासलो ना दोघंबी. काय करनार?

अन् तिथंच चिखल्याच्या शाळेतल्या पंचफुला मॅडम. एक पोलिसवाला. एक म्हातारा, धानाचा मोठा कास्तकार… कोनी पागल नोतं, बाई. आपल्यासारखेच सारे. कोनाले झोप नाई, कोनाचं कशातच मन लागत नाई, कोनाले माह्यासारखं भेव.

डॉक्टरीन म्हणे, दहा मोठ्या मानसांत एकाले तरी असं काई ना काई राहते. दवाखान्यात येतात थोडेच… मलेबी नाई पटलं पयले. मंग वापस येताना एसटीत साऱ्याईचे तोंडं पाहत आलो, याच्यात कोन असंल म्हणून.

गोळी देल्ली. बोलाले बसवते, दम कसा घ्याचा ते शिकवते… हो, उतरलो ना. सोमवारी. प्रविण बाजूले उभा होता. म्हणे, माह्याकडं पाय अन् बोलत राय. धडधडलं, पन गेलो खाली. शिफ्ट पुरी केली… नाई, पुरा बरा नाई झालो. टाइम लागते म्हणे.

बाई?… हॅलो?… हळू काहून बोलून राहिली?

काय?… कवापासून?… माय गेली तवापासून? अन् आता सांगून राहिली मले?… रातभर जागीच राहते तू?… रांधता-रांधता रडू येते… भाऊजीले माईत हाय?… झोपले राहतात. बरं… नाई नाई, कोन म्हणते तुले आळशी? बिमारी असंल ते… मी काई डॉक्टर नाई, पन दाखवून त पाहू. बुधवारी ये. लाखांदूरवरून सकाळची गाडी पकड, मी भंडाऱ्याच्या स्टँडवर उभा राहतो.

धानाचा रोवना? होते रोवना दोन दिवस मांगं-पुढं… भाऊजी हायत का घरी? दे त्याईले… दे म्हणतो ना!

रामराम भाऊजी… हो, बरा हावो. बुधवारी बाईले भंडाऱ्याले पाठवा… दवाखान्यात. तिले रातभर झोप येत नाई म्हणते…

माईत हाय तुमाले?… तुमीबी जागेच राहता?… तिच्याकडं पाठ करून… काहून पन?… अच्छा. तुमी जागे दिसले त तिले लाज वाटंल म्हणून.

भाऊजी, तिले वाटते तुमी झोपले राहता… हो ना, आताच म्हणत होती मले.

मले कायले सांगता? तिले सांगा… बाजूलेच उभी हाय ना?… मंग झालं. मी ठेवतो फोन.