पहिल्या गाडीचा हार

मारी-गालाँत बेटावर रमच्या भट्टीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा उसाच्या पहिल्या गाडीच्या बैलांना फुलांचा हार घालतात. यंदा तो मान फ्लोरिमाँच्या बैलांना होता. त्याच्यामागे अर्नेस्तिनकाकीची गाडी. तिसऱ्या गाडीवर इलवार बसला होता. डोळे मिटलेले, कान उघडे.

“काय रे फ्लोरिमाँ, व्हिनेगर विकायला काढलंस का?”

“काकी, सकाळी सकाळी नको.”

“ऊस कधी तोडलास?”

“ताजाय.”

“माशा तसं म्हणत नाहीयेत.”

“गुरुवारी तोडला.”

“आणि आज सोमवार! रम ताज्या रसाची करतात बाबा, लोणचं घालत नाहीत.”

“पहिला नंबर हवा होता. आमच्या बाबांना चाळीस वर्षांत एकदाही मिळाला नाही.”

“ते आदल्या संध्याकाळी तोडून आणायचे, म्हणून.”

“पाद्रीबाबांनी आत्ताच गाडीवर पाणी शिंपडलंय.”

“त्यानं रस गोड होतो का, बघूच.”

भट्टीच्या दारातल्या काटेवाल्याने फ्लोरिमाँच्या गाडीतलं एक कांडं मोडलं, हुंगलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. मागे इलवारने हळूच आपला ऊस हुंगून घेतला.

“गाडी बाजूला घे,” काटेवाला फ्लोरिमाँला म्हणाला.

“अहो, बायकोनं फोटोवाला बोलावलाय! सगळं गाव जमलंय!”

“बाजूला घे म्हटलं ना.”

“काकी, तू तरी सांग की यांना.”

“सांगते ना. साहेब, जरा लवकर हटवा याला, माझा ऊस उन्हात तापतोय. आणि फ्लोरिमाँ—”

“काय?”

“हार तेवढा काढून दे. तो आज सकाळचा दिसतोय.”