मानेवरचा पिवळा रंग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ताईंचे यजमान, आपल्या साप-पैदास केंद्रातले माझे सहकारी, आणि पिल्लं पाळायला नेऊन पुन्हा पुन्हा फोटो पाठवणारे आपले ग्राहकहो,

आज ताई निवृत्त होताहेत, त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलंय. चार बोलतो. पाचवा मागू नये.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथे लागलो. कॉर्न स्नेक हा बिनविषारी, गरीब स्वभावाचा साप. पण त्याचे रंगप्रकार ओळखताना भल्याभल्यांना घाम फुटतो. ताईंना कधी फुटला? डबा उघडायच्या, पिल्लू बोटांवरून फिरवायच्या आणि प्रकार सांगून मोकळ्या! मी भिंग घेऊन अर्धा तास डोळे फोडायचो. तरी लोक विचारायचे, "ताईंना दाखवलंत का?" खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं. अध्यक्ष महोदय, आपणही दोनदा विचारलं होतंत.

सतरा नंबरच्या डब्यातलं ते राखाडी पिल्लू आठवतंय? ताई म्हणाल्या, अ‍ॅनेरी. मी म्हणालो, चारकोल. या दोन रंगप्रकारांची पिल्लं लहानपणी सारखीच दिसतात. वाढताना अ‍ॅनेरीची मान पिवळी होते, चारकोलची सहसा होत नाही. डब्यावर चिठ्ठी अर्थातच ताईंची लागली.

त्या दिवसापासून मी रोज त्या सापाची मान बघत आलो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बायको म्हणाली, "माझ्याकडे कधी एवढं बघितलंत का?" चार वर्षं झाली, पिवळेपणाचा ठिपका नाही! मी बरोबर होतो. ताई मात्र एका शब्दाने कबूल करत नव्हत्या. म्हटलं, निरोपाच्या दिवशी भर सभेत सांगायचं. भाषण तयार केलं, आरशासमोर दोनदा म्हटलंही.

आज सकाळी ताईंनी डब्याडब्याच्या नोंदींचं त्यांचं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. इथे सगळेच ते चाळतात. मी मात्र शपथ घेतल्यासारखा कधी हात लावला नव्हता. मागे एकदा त्यांनी विचारलंही होतं, "रजिस्टर बघितलंत का?" मी ताठ्यात म्हणालो होतो, "मला नाही लागत."

सतरा नंबरचं पान काढलं. अ‍ॅनेरी खोडलेलं. खाली अडीच वर्षांपूर्वीची तारीख आणि ताईंचं अक्षर : 'चारकोल. चूक माझी. पहिल्याच दिवशी त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे.'

अडीच वर्षं! अख्ख्या केंद्राने वाचलं होतं, मी सोडून.

ताई, मला तुमचा हेवा वाटत होता. आज तो वाढलाय. इतक्या सहज 'चूक माझी' लिहिणं मला जमलेलं नाही. आणि उद्यापासून मी पिल्लू बघून काही म्हणालो, तर दुसरं काही म्हणणारं समोर कोणी नसेल. ते मला अजिबात आवडलेलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ताई, जाण्याआधी रजिस्टरात लिहून ठेवा. या वेळी वाचीन.