खंडेनवमीचे स्फटिक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे विभागप्रमुख डॉ. सिद्धलिंगप्पा सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सांगोल्याहून मुद्दाम आलेल्या दिपालीताईंच्या मातोश्री मायाक्का, आणि समोर बसलेले प्राध्यापक व विद्यार्थी मित्रांनो,

मी प्रयोगशाळेचा परिचर. भाषण हे काही माझं काम नव्हे. पण दिपालीताई पुढच्या संशोधनासाठी हैदराबादला निघाल्या, म्हणून सरांकडून पाच मिनिटं मागून घेतली.

ताईंनी पाच वर्षं एकाच एन्झाइमचा अभ्यास केला. तो काय असतो, हे मी काचेची भांडी विसळत असताना त्यांनीच सांगितलं. न्यूमोनियाचे काही जंतू तो तयार करतात. लांब दोरा दुमडत जावा तशी त्याची घडी पडते आणि तीत एक खोबण होते. खोबणीत जस्ताचे दोन अणू पाणी धरून बसलेले असतात. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तिथं आलं, की त्या पाण्यानं औषधाची चौकोनी कडी तुटते. औषध वाया जातं, जंतू जगतो. खोबणीचा नेमका आकार कळला, तर ती बुजवणारं औषध शोधता येईल. त्यासाठी एन्झाइमचे स्फटिक लागतात. ते थंड कपाटात, कुणी न हलवता, थेंबाथेंबात वाढतात.

"महिपतीकाका, तुमच्या देवाला सांगा की, माझे स्फटिक वाढू देत," त्या म्हणायच्या.

"सांगतो. तुम्ही आधी डबा खा."

पत्नी गेल्यापासून माझ्याशी असं बोलणारं दुसरं कोण होतं? घरी देवापुढं दिवा लावायचा आणि त्याच्याशीच बोलायचं.

खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. दोन वर्षांमागं त्या सकाळी, ताई यायच्या आत, मी ते कपाट पुसायला घेतलं. आतली स्फटिकांची प्लेट खिडकीत ठेवली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. कपाटाला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, ताईंसाठी हात जोडले. तासाभरानं प्लेट जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर स्फटिक विरघळलेले.

"एन्झाइमचं शुद्धीकरण करताना माझंच काही चुकलं असणार, काका."

मी ऐकून घेतलं.

पुढचे पाच महिने त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. दिवाळीला घरी गेल्या नाहीत. मायाक्काच फराळ घेऊन इथं आल्या. म्हणाल्या, "पोरगी लई वाळली की हो. काय चुकलं तिचं?" मी म्हणालो, "बसा, चहा आणतो."

ताई रागावतील, याची भीती नव्हती. त्या बोलायच्या थांबतील, याची होती. तेवढ्यासाठी मी त्यांना स्वतःवर संशय घेऊ दिला. पुढं स्फटिक वाढले, खोबण दिसली, आज सत्कारही झाला. पण ताईंच्या वहीत त्या तारखेपुढं 'माझी चूक' असंच राहिलं आहे. ताई, निघण्याआधी ते खोडा आणि तिथं माझं नाव लिहा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. त्या सकाळची क्षमा मात्र सभेकडं मागत नाही. ती ताईंकडं आणि मायाक्कांकडं मागतो. द्यायची की नाही, हे त्यांनी ठरवावं.

मी बसतो.