सुमनताईंची कडी

बाळगुटी म्हणजे वेखंड, हिरडा, जायफळ सहाणेवर उगाळून तान्ह्याला द्यायचे चाटण. जायफळाचे वळसे वाढले की गुंगी येते.

आमच्या मुलुंडच्या घरी मालिशवाल्या सुमनताई गुटी चाटवून खोलीला आतून कडी लावत आणि बाळ तासभर गाढ झोपे. आमच्याजवळ मात्र दहा मिनिटांत उठे.

"जायफळ वाढवतायत रे त्या. आज विचारच, नाहीतर उद्यापासून नकोत," माझी बायको म्हणाली.

मी विचारले.

"एकच वळसा देते, दादा. तुम्ही दोघं सारखं त्याच्या नाकाशी बोट धरता, श्वास चालतोय का बघायला. मग उठणार नाही तर काय? म्हणून कडी."

तुम्ही मित्रमंडळी सगळीकडे सांगता की मी ताईंची लबाडी पकडली. तेवढे दुरुस्त करा. पकडले गेलो आम्ही, आणि ती कडी अजून लागते.